दानाचा पैसा, विस्मरणाचा आजार आणि जंगलातले दोन जिल्हे

म्हातारपणी जडणाऱ्या स्मृतिभ्रंशावर, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात त्या आजारावर, दानाच्या पैशातून होणारे संशोधन तीन वाटांनी जाते. आजार कशाने होतो, तो ओळखायचा कसा आणि झाला तर माणसाला सांभाळायचे कसे, या त्या तीन वाटा. देणगीदाराला पहिली वाट सर्वांत जास्त मोहवते, कारण तिच्या टोकाला औषध सापडण्याची आशा असते. दुसरीकडे थोडे लक्ष जाते आणि तिसरीच्या पदरात उरलेसुरले पडते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत उभे राहून हा प्रश्न तपासला, तर क्रम उलटा लावावा लागतो, असे माझे म्हणणे आहे. इथे आधी सांभाळ, मग ओळख आणि त्यानंतर कारणे. आणि कारणांमध्येही आधी ती, ज्यांवर गावात आजच काही करता येते. हे म्हणणे प्रयोगशाळेच्या विरोधात नाही. धर्मादाय पैसा थोडा असतो आणि मोकळा असतो, म्हणून सरकार आणि बाजार दोघेही जिथे जात नाहीत तिथे त्याने आधी पोचावे, एवढाच मुद्दा आहे.

आजाराचा आवाका लहान नाही. भारतात साठी ओलांडलेल्यांचा देशव्यापी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अंदाजाने या वयातल्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. २०३६ पर्यंत हा आकडा १ कोटी ६९ लाखांवर जाईल. प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त आणि शाळा न शिकलेल्यांत जास्त आढळले. खेड्यातली, निरक्षर, म्हातारी बाई हा या आजाराचा भारतातला नेहमीचा चेहरा आहे. या मोजणीमागचा मोठा पैसा अमेरिकन सरकारच्या वार्धक्य संशोधन संस्थेचा होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्या म्हाताऱ्यांची गणतीसुद्धा आपण परक्यांच्या खर्चाने करतो, तर दान देणाऱ्यांसाठी इथे किती मोकळे रान पडले आहे ते वेगळे सांगायला नको.

कारणांच्या शोधात दानाने काय साधले, ते आधी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७९ साली रुग्णांच्या कुटुंबीयांनी मिळून अल्झायमर्स सोसायटी स्थापन केली. तिच्या वार्तापत्रातले संशोधकांचे आवाहन वाचून एका स्त्रीने पत्र पाठवले की, आपल्या वडिलांसह घरातल्या अनेकांना हा आजार ऐन पन्नाशीत गाठतो आहे. त्या कुटुंबाच्या रक्ताच्या नमुन्यांवरून जॉन हार्डी यांच्या लंडनमधल्या गटाने १९९१ मध्ये अ‍ॅमिलॉइड प्रथिनाच्या जनुकातला दोष शोधला आणि पुढची तीस वर्षे औषधांचा शोध त्याच दिशेने चालला. भारतात अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी १९९२ साली कोचीत सुरू झाली. टाटा ट्रस्ट्सने २०१४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला या आजाराची कारणे, लवकर निदान आणि उपचार यांवरील संशोधनासाठी ७५ कोटी रुपये जाहीर केले. इन्फोसिसचे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा ट्रस्टने दिलेल्या २२५ कोटींतून त्याच आवारात मेंदू संशोधन केंद्र उभे राहिले. या केंद्राने कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात पंचेचाळिशीपुढच्या दहा हजार ग्रामस्थांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करायचे ठरवले आहे. दानाच्या पैशाने खेड्यात जाऊन प्रश्न विचारायचे ठरवले, याचे हे देशातले ठळक उदाहरण आहे.

तरीही त्या तीस वर्षांच्या वाटेने हाती काय आले, ते या दोन जिल्ह्यांच्या मापाने मोजावे लागते. लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने आजाराची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. ती थांबवली नाही आणि गेलेली स्मृती परत आणली नाही. औषध सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचे, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहण्यासाठी वारंवार एमआरआय करायचा, आणि आजार अगदी सुरुवातीचा असतानाच हे सारे सुरू करायचे. अमेरिकेत त्याची किंमत वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर ठरली. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माणसाला जिल्ह्याचे ठिकाण गाठायलाच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास जावे लागते आणि तिथून नागपूर पुन्हा तितकेच दूर. त्या माणसासाठी हे औषध आज केवळ बातमी आहे. उद्या किंमत उतरेल, गोळी निघेल, हे शक्य आहे. पण तोवर ज्यांचे आयुष्य या आजारात सरणार आहे, त्यांच्यासाठी दानाचा पैसा काय करू शकतो, हा प्रश्न औषधाच्या वाटेकडे डोळे लावून सुटत नाही.

दानाच्या पैशावरचे संशोधन गावातच करता येते आणि ते देशाचे धोरण बदलू शकते, हे सिद्ध करायला गडचिरोलीला बाहेरचा दाखला लागत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था इथे सुरू केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आढळले आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आले, तेव्हा ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा एक झाकलेला भाग जगासमोर आला. पुढे ३९ गावांत आरोग्यदूत म्हणून तयार केलेल्या गावातल्याच बायकांनी नवजात बाळांची घरी काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. फोर्ड आणि मॅकआर्थर यांसारख्या प्रतिष्ठानांच्या मदतीने झालेला हा प्रयोग आज देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग आहे. या यशामागे पद्धत होती. आधी गावात मोजायचे, गावातल्या माणसाला शिकवायचे, तुलनेसाठी शेजारची गावे ठेवायची, निकाल छापायचा आणि सरकारला परवडेल अशा रूपात तो त्याच्या हाती द्यायचा. स्मृतिभ्रंशासाठी नेमकी हीच पद्धत हवी आहे.

मोजणीवर एवढा भर का, याचे कारण या आजाराच्या इतिहासातच आहे. जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी दोन तृतीयांश विकसनशील देशांत असताना त्यांच्यावर एक दशांशही संशोधन होत नाही, ही तक्रार नावातच घेऊन १९९८ मध्ये कोचीत ‘१०/६६’ हा संशोधकांचा गट स्थापन झाला. त्याने २००८ साली सात देशांतले आकडे मांडले. पाश्चात्त्य मनोविकारशास्त्राची प्रचलित व्याख्या लावली तर ग्रामीण भारतात, म्हणजे वेल्लोरजवळच्या खेड्यांत, ६५ वर्षांपुढच्या केवळ ०.३ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश होता, क्यूबात ६.३ टक्क्यांना. गटाने स्वतः तयार केलेली, कमी शिकलेल्यांना चालेल अशी कसोटी लावली, तेव्हा सगळ्या ठिकाणचे आकडे जवळ आले आणि कुठेच साडेपाच टक्क्यांखाली राहिले नाहीत. माणसे तीच, गावे तीच. फरक पडला तो विचारण्यात. प्रचलित व्याख्येनुसार आजार ठरायला रोजच्या व्यवहारात बिघाड झाल्याचे घरच्यांनी सांगावे लागते. जिथे म्हाताऱ्याकडून कुणी हिशेबाची किंवा बाजाराची अपेक्षाच ठेवत नाही, तिथे बिघाड जाणवत नाही, आणि जाणवला तरी साठी बुद्धी नाठी म्हणून सोडून दिला जातो. आपल्याकडे हा आजार कमी आहे, हा समज बराचसा अशा मोजपट्टीतून आला आहे.

मोजपट्टी बदलता येते, हेही आपल्याच देशात झाले आहे. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये १९९०च्या दशकात भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी निरक्षरांसाठी हिंदी चाचणी बनवली. वाक्य लिहून दाखवा याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगा, शंभरातून सात-सात वजा करा याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणा, असे बदल त्यांनी केले. पण ही हिंदी चाचणी मराठीत उतरवून गडचिरोलीत चालवणे पुरेसे नाही. इथे झाडीबोली आहे, गोंडी आणि माडिया आहे, सिरोंच्याकडे तेलुगू आहे, मुलचेरा-चामोर्शीकडे पुनर्वसित बंगाली वस्त्या आहेत. एका मिनिटात प्राण्यांची नावे सांगायला लावणारी चाचणी जगभर वापरतात. आयुष्य जंगलात गेलेल्या माडिया म्हाताऱ्याला शहरातल्या पदवीधरापेक्षा जास्त नावे येत असतील, तर निरक्षरांसाठी ठरवलेला उत्तीर्णांक त्याला निरोगी ठरवेल, जरी त्याची स्मृती ढासळू लागली असली तरी. उलट तारीख आणि महिना विचारणारा प्रश्न चांगल्या शहाण्या बाईलाही नापास करेल. तिचे वर्ष मोहफुलांनी, तेंदूपत्त्याने आणि धानाच्या कापणीने मोजले जाते. अशी चाचणी बनवायला भाषा जाणणारे लोक, एक-दोन वर्षांचे चिकाटीचे काम आणि मध्यम रक्कम लागते. औषध कंपनीला त्यात नफा नाही, सरकारी योजनेत त्यासाठी लेखाशीर्ष नाही. म्हणून हे दानाचे काम.

इथे पहिला आक्षेप येतो: या जंगलपट्ट्यात माणसे इतकी जगतातच कुठे? मलेरिया, सिकलसेल, कुपोषण, बाळंतपणातले मृत्यू उभे असताना म्हाताऱ्यांच्या विस्मरणाची चिंता ही सुखवस्तूंची चिंता नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे. जुने आजार संपलेले नाहीत आणि त्यांचा पैसा काढून इकडे लावणे अन्याय होईल. पण गावातला मृत्यू आता कशाने होतो, हे सर्चनेच मोजले आहे. ८६ गावे, लोकसंख्या सुमारे ९४ हजार, २०११ ते २०१३ या दोन वर्षांतले १५९९ मृत्यू. प्रत्येक घरी जाऊन केलेल्या चौकशीतून निघाले की सर्वांत जास्त, म्हणजे सातातला एक मृत्यू, मेंदूच्या झटक्याने झाला होता. अमेरिकेतून शिकून आलेले मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे यांनी हे काम केले. त्यांना भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि लंडनचा वेलकम ट्रस्ट यांच्या संयुक्त निधीची अभ्यासवृत्ती होती. वेलकम ट्रस्ट ही १९३६ पासूनची धर्मादाय संस्था आहे, म्हणजे या निष्कर्षाच्या मुळाशीही दान आहेच. झटक्याचा आजार गडचिरोलीत शहरी पाहुणा म्हणून आलेला नाही, तो घरचा झाला आहे. केंद्र सरकारने नेमलेल्या, डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनेही २०१८च्या अहवालात आदिवासींवर संसर्ग, कुपोषण आणि असंसर्गजन्य आजार यांचा एकत्र भार पडतो आहे, असे नोंदवले.

झटका आणि स्मृतिभ्रंश यांचे नाते जवळचे आहे. अनेक देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की, पहिल्या झटक्यानंतर लवकरच दहातल्या एकाला नव्याने स्मृतिभ्रंश होतो आणि झटका पुन्हा आला तर हे प्रमाण एक तृतीयांशापुढे जाते. म्हणून या भागात आजाराच्या कारणांचा शोध अ‍ॅमिलॉइडपाशी नव्हे, रक्तदाबापाशी सुरू व्हायला हवा. त्याला आता भक्कम पुरावाही आहे. चीनमध्ये ३२६ खेड्यांतल्या सुमारे ३४ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत अर्ध्या खेड्यांमध्ये गावपातळीवरच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची औषधे नेटाने दिली. चार वर्षांनी त्या खेड्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी निघाले. २०२५ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. पंधरा टक्के म्हणजे थोडेच, असे कुणी म्हणेल. पण ही गोळी काही रुपयांत मिळते, तिने झटका आणि हृदयविकारही टळतात आणि ती द्यायला एमआरआय लागत नाही. अशीच चाचणी आशाताई आणि आरोग्यदूतांच्या भरवशावर इथे करून पाहणे, मध्य भारतासाठी कोणत्याही नव्या रेणूइतकेच मोलाचे ठरेल.

रक्तदाबापलीकडची काही कारणे तर याच भूभागात नीट तपासता येतील. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोग्या चौदा जोखमी सांगितल्या आणि त्या सगळ्या दूर झाल्या तर जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबेल, असा हिशेब मांडला. शिक्षणाचा अभाव, बहिरेपण, नजर जाणे, मधुमेह, धूम्रपान, दारू, नैराश्य, एकटेपणा, हवेचे प्रदूषण या त्यांतल्या काही. आता चंद्रपूर पाहा: कोळशाच्या खाणी, २९२० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने, २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात हे शहर देशात चौथे होते. शेजारच्या गडचिरोलीत कारखान्यांचा धूर कमी, चुलीचा जास्त. आयोगाच्या यादीत धूम्रपान आहे, इथला तंबाखू-सुपारीचा खर्रा नाही, कारण युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांत खर्रा खाणारा माणूस येतच नाही. दारूबंदी गडचिरोलीत १९९३ पासून आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीतही दारू मिळते, हे खरे. त्यामुळे तुलना सोपी नाही. तरी धूर, तंबाखू आणि दारू यांचे इतके वेगवेगळे मेळ एकमेकांना लागून असलेल्या दोन जिल्ह्यांत सापडणे संशोधकाला दुर्मीळ. श्रीनिवासपुऱ्यासारखा दीर्घ पाठपुरावा इथे सुरू झाला, तर तो जगाच्या ज्ञानात भर घालेल.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: ज्यावर औषध नाही त्याचे निदान करून काय साधणार? घरच्यांच्या डोक्यावर एक भीतीदायक नाव तेवढे बसेल. याचे पहिले उत्तर असे की, विस्मरण दिसणाऱ्या प्रत्येकाला स्मृतिभ्रंश नसतो. बी-१२ची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, चुकीची औषधे, डोक्याला मार लागून मेंदूच्या आवरणाखाली साचलेले रक्त यांनीही माणूस भ्रमिष्टासारखा वागतो आणि यांतले बरेचसे उपचाराने सुधारते. तपासलेच नाही तर हे सुटणारे लोकही म्हातारचळाच्या खात्यात जमा होतात. दुसरे उत्तर असे की, ओळख पटली की घरातले वागणे बदलते. तोच प्रश्न दहादा विचारणारी सासू हट्टाने छळत नाही, तिला आजार आहे, हे कळले तर तिच्यावरचा हात थांबतो. गावात करणी-भानामतीचा संशय रुजण्याआधी त्याला अडवता येते. आणि ही ओळख करून घेण्याचे दार सरकारने अर्धे उघडलेही आहे. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी आशाताई जो फॉर्म भरतात त्यात साठीपुढच्यांना एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? पण या टप्प्याला पोचलेला रुग्ण बराच पुढे गेलेला असतो, आणि होय असे उत्तर आले तर पुढे कुणी काय करायचे याची साखळी तयार नाही. ती साखळी बांधणे आणि प्रश्न अधिक आधीचा करणे, हे संशोधनच आहे.

रक्ताच्या नव्या चाचण्यांचेही इथे स्थान आहे. ब्रिटनमध्ये अल्झायमर्स सोसायटी आणि अल्झायमर्स रिसर्च यूके या धर्मादाय संस्थांनी त्यांच्या पडताळणीला पैसा दिला आहे आणि अमेरिकेत मे २०२५ मध्ये अशा पहिल्या चाचणीला परवानगी मिळाली. नमुना एसटीने नागपूरला पाठवता आला तर रुग्णाला पाठवावे लागणार नाही, हा दूरच्या तालुक्यांचा मोठाच लाभ. प्रयोगशाळेतले संशोधन म्हणूनच निरर्थक म्हणता येत नाही. पण ही चाचणी अल्झायमरची खूण दाखवते, झटक्याने झालेला स्मृतिभ्रंश दाखवत नाही; मूत्रपिंडाचा विकार असेल तर तिचा आकडा चढतो. परदेशातल्या रुग्णांवर ठरवलेल्या मर्यादा इथे लागू करण्याआधी त्या इथल्या रक्तावर तपासाव्या लागतील. आणि रक्त घेण्यापूर्वी, नमुन्याचे पुढे काय होणार, तो कुठे जाणार, निकाल कुणाला कळणार, हे माणसाला त्याच्या बोलीत समजावून त्याची संमती घ्यावी लागेल. स्मृती जात चाललेल्या माणसाची संमती हा कुठेही नाजूक विषय असतो. आदिवासी टोल्यात, जिथे बाहेरच्यांनी नेहमी काहीतरी नेलेलेच आहे, तो दुप्पट नाजूक होतो.

सांभाळाच्या बाबतीत मराठी वाचकाला जवळचा पुरावा गोव्यात आहे. ‘संगाथ’ या स्वयंसेवी संस्थेच्या आणि १०/६६ गटाच्या संशोधकांनी तिथे ८१ कुटुंबांत एक चाचणी केली, डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांचा तो निबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बारावीपर्यंत शिकलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या सल्लागारांना शिकवून रुग्णांच्या घरी पाठवले. आजार म्हणजे काय, चिडलेल्या माणसाशी कसे बोलायचे, आंघोळ-जेवण कसे सोपे करायचे, सरकारी मदत कुठे मिळते, हे ते सांगत. मागे मनोविकारतज्ज्ञाचा आधार असे. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्ट सुधारले. रुग्णाच्या लक्षणांत मात्र तितका निर्णायक फरक पडला नाही आणि चाचणी लहान होती, हे मान्य करूनही निष्कर्ष टिकतो. मानसोपचारतज्ज्ञ दुर्मीळ असलेल्या ठिकाणी सांभाळणाऱ्याला आधार देता येतो आणि तो गावातला माणूस देऊ शकतो. नवजात बाळांच्या बाबतीत गडचिरोलीने जे दाखवले, त्याचीच ही आयुष्याच्या दुसऱ्या टोकाची आवृत्ती आहे.

गोव्याचा नमुना जसाच्या तसा मात्र इथे लागणार नाही. घराबाहेर भरकटणे हे या आजाराचे नेहमीचे लक्षण. ब्रह्मपुरी किंवा ताडोबाच्या आसपासच्या गावात भरकटलेला म्हातारा वाघाच्या रानात जातो, तेव्हा तिथल्या सांभाळाच्या शिकवणीत वनरक्षक आणि पोलीस पाटील यांनाही घ्यावे लागेल. तेंदूच्या हंगामात घर पहाटेच रिकामे होते, मिरची तोडायला माणसे आठवडेच्या आठवडे तेलंगणात जातात. आपल्याकडे कुटुंब आहेच की, वृद्धाश्रमाची पाश्चात्त्य रडकथा इथे कशाला, हा तिसरा आक्षेप या वास्तवापुढे टिकत नाही. कुटुंब सांभाळते म्हणजे बहुधा सून किंवा लेक सांभाळते, आणि ती त्या काळात मजुरी सोडते. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार रुपये त्या बुडालेल्या मजुरीची भरपाई करत नाहीत. गावातच दिवसभर दोन-तीन म्हाताऱ्यांना बसवून घेणारी, मोबदला मिळणारी सोय मजुरीच्या हंगामापुरती केली तर किती घरे सावरतात, हे तुलनेची गावे ठेवून मोजण्याजोगे आहे. माझ्या मते दानाच्या पैशाने इथे सर्वांत आधी हा प्रयोग करावा.

शेवटचा आक्षेप दानावरच आहे. संशोधनाचे विषय देणगीदाराने का ठरवावेत? त्याची आवड बदलली की प्रकल्प बंद, पैसा विदेशी असला की परवानग्यांचे अडथळे, आणि सरकारला हात झटकायला निमित्त. तिन्ही भीती खऱ्या आहेत. त्यांवर उतारा म्हणजे विषय ठरवताना गावाला विचारणे आणि बाहेर पडण्याची वाट आधीच आखणे. सर्चने शोधग्राम या आपल्या आवारातले रुग्णालय आदिवासींना विचारून त्यांच्या घरांसारखे बांधले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले, यामागे हेच शहाणपण होते. वरोऱ्याचे आनंदवन १९४९ पासून आणि हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून टिकले, त्यामागेही देणगीदारापेक्षा लोकांचा विश्वास मोठा होता. शिवाय पैसा स्थानिकही आहे. २०१५च्या कायद्याने खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली आणि त्यांच्या निधीतल्या प्राधान्याच्या कामांत आरोग्याबरोबर वृद्धांचे कल्याणही आहे. चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज ज्यांच्या परिसरातून निघते, त्यांच्या म्हातारपणावर त्यातला काही भाग खर्च होणे हा उपकार नाही, देणे आहे.

या साऱ्याचा हिशेब मांडला तर कामांचा क्रम स्पष्ट होतो: सांभाळणाऱ्या बाईला मजुरीच्या हंगामात आधार, माडिया, गोंडी आणि झाडीबोलीत पडताळलेली चाचणी, रक्तदाबाच्या औषधाने स्मृतिभ्रंश टळतो का, हे गावपातळीवर पाहणे, आणि धूर, खर्रा, दारू यांचा मेंदूवरचा परिणाम मोजणारा दीर्घ पाठपुरावा. पहिली तीन कामे पाच वर्षांत निकाल देतील, चौथ्याला दोन दशके लागतील. बंगळूरच्या प्रयोगशाळा आपले काम करोत. त्यांच्या शोधाचा लाभ उद्या इथेही येवो. पण इथे पैसा देऊ पाहणाऱ्या प्रत्येक ट्रस्टने आणि कंपनीने प्रस्तावाला एकच कसोटी लावावी: हे यशस्वी झाले, तर धानोऱ्याची आशाताई ते आपल्या रोजच्या फेरीत करू शकेल का, आणि सरकार तिला त्याचे मानधन देऊ शकेल का? नवजात बाळांचा प्रयोग या कसोटीला उतरला म्हणूनच तो गडचिरोलीच्या बाहेर गेला. म्हाताऱ्यांसाठीही दानाची तीच कसोटी असावी.